बटरला सोडचिठ्ठी

घरचं मुंबई सँडविच ‘हेल्दी’ करायचा चंग बांधलेल्यांच्या हातून पहिला बळी जातो तो बटरचा. सँडविचवाला ते कडेपर्यंत फासतो, ते काही लाड म्हणून नव्हे. त्या थरामुळे चटणीचं, काकडीचं पाणी ब्रेडमध्ये लवकर मुरत नाही. बटर गेलं की उरतो बीटच्या रंगाचा लगदा. शिवाय ब्रेड ब्राऊनच हवा! तो रंग अनेकदा गव्हापेक्षा कॅरॅमलचा असतो, हे पाकिटामागे छापलेलं असतं. अर्थात, कुणी वाचू नये इतक्या बारीक अक्षरांत. उकडलेला बटाटाही हद्दपार. एवढं सोवळं पाळून झालं, की मंडळी कोपऱ्यावरच्या गाडीवाल्याला चवीचं गुपित विचारायला जातात. तो बिचारा बटरचा डबा उघडाच ठेवून उभा असतो.