स्वस्तात मिळालेली आगगाडी

पेनसिल्व्हेनियातल्या यॉर्क गावी एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये जुन्या खेळण्यातल्या आगगाड्यांचा मोठा बाजार भरतो. केस पिकलेली माणसं टेबलांवर ओणवी होऊन इंजिनं उलटीपालटी करतात, चाकं न्याहाळतात. चेहरा मात्र असा, की कुणीतरी दंडाला धरून आणलंय. डोळ्यांत चमक दिसली की भाव चढतो ना! विक्रेताही काही कच्च्या गुरूचा चेला नसतो.

“चालते का?”

“शेवटची लावली तेव्हा चालत होती.”

तेव्हा अमेरिकेचे अध्यक्ष कोण होते, हे विचारायचं नसतं.

खरी मौज १९५७ च्या गुलाबी गाडीची. लायोनेल कंपनीनं खास मुलींसाठी म्हणून गुलाबी इंजिन आणि फिकट निळे-पिवळे डबे काढले. मुलींनी ढुंकूनही पाहिलं नाही. गाडी हवीच तर खऱ्यासारखी काळी हवी, एवढी अक्कल त्यांना होती, कंपनीला नव्हती. दुकानदारांच्या गळ्यात पडलेला तोच माल आज संग्राहकांच्या देव्हाऱ्यात विराजमान आहे. मग साध्या इंजिनाला गुलाबी रंग फासणारे कलावंत निपजणारच. मूळ खोकं असेल तर किंमत आणखी वर, म्हणून खोक्याच्याही नकला निघाल्या. म्हणजे नकली पुठ्ठ्यात नकली गुलाबी, आणि घेणारा खूश: “येड्याला किंमतच कळली नाही!”

विक्रेताही अगदी हेच म्हणत असतो. घरी सांगायची किंमत पार्किंगमध्ये ठरते.