जुनं ते लोणावळ्याला

पुण्या-मुंबईच्या घरात जे नकोसं होतं ते लोणावळ्याच्या बंगल्यात जातं. आधी सोफा, मग मिक्सर, आता कॉम्प्युटर. मॉनिटर तेवढा भंगारात, कारण 'तिकडे ५५ इंची टीव्ही आहेच की!'

आहे ना. पण त्याच्या पाठीला एचडीएमआय आणि कॉम्प्युटरच्या पाठीला १५ पिनांचं व्हीजीए, जन्मसाल १९८७. मग बाजारात शोधाशोध. चिक्कीचे प्रकार मागाल तेवढे मिळतात; कन्व्हर्टर मिळतो तो नेमका एचडीएमआयचं व्हीजीए करणारा. "उलटा लावून बघा ना, काका," दुकानदार म्हणतो. एक अ‍ॅनालॉग, दुसरं डिजिटल. मधली चिप एकाच दिशेने काम करते, हे काकांना बंगल्यावर पोचल्यावर कळतं.

योग्य कन्व्हर्टरची डबी आली की चित्र उमटतं. आवाज नाही, कारण व्हीजीएतून तो जातच नाही. चौकोनी चित्र आडवं ताणलं गेल्याने सगळे नातेवाईक अचानक खात्यापित्या घरचे दिसू लागतात. कडा कापल्या जाऊन स्टार्टचं बटण गडप. टीव्हीच्या सेटिंगमध्ये चित्र बसवण्याचा पर्याय सापडेपर्यंत पाहुणे भुशी धरणावर भिजून परत आलेले असतात.

१९८२चा झेडएक्स स्पेक्ट्रम कॉम्प्युटर सरळ टीव्हीच्या अँटेनाच्या सॉकेटात जायचा. मॉनिटर मागितला होता कुणी? आता मध्ये डबी आली, आणि तिला यूएसबीतून वेगळी वीज लागते. वीज मावळातली, महिना जुलै.