मीटर बरोबरच आहे!

ऑटोमॅटिक एसएलआर कॅमेऱ्यातला मीटर हा अत्यंत प्रामाणिक प्राणी असतो. त्याचा घोळ एवढाच की, समोर काहीही असो, ते मध्यम राखाडी आहे अशी त्याची पक्की समजूत करून दिलेली असते. कोडॅकचं राखाडी कार्ड त्याच्यावर पडलेल्या उजेडापैकी १८ टक्के परत फेकतं, आणि मीटरचा आदर्श त्याच्याच आसपासचा. मला हे मन फार ओळखीचं वाटतं. मुलगा ढ निघाला तरी काळजी आणि फारच हुशार निघाला तरी काळजी, सगळं कसं बेतात हवं, असं मानणाऱ्या आपल्या मध्यमवर्गीय वडीलधाऱ्यांचंच ते मन!

१९७९ साली आलेला निकॉन ईएम याच पंथातला. अ‍ॅपर्चर आपण लावायचं, शटरचा वेग तो ठरवणार. वेग फार कमी झाला की आतून ‘पी पी’ अशी तक्रार. न्यू जर्सीतल्या आमच्या काकांनी त्याच सुमाराला असाच एक पीपी करणारा कॅमेरा घेतला, तेव्हा काकू म्हणाल्या, “घरात एक होता, आता दोन झाले.”

काका तो घेऊन भर जानेवारीत सहकुटुंब नायगऱ्याला गेले. आता बर्फ म्हणजे मीटरच्या दृष्टीने उधळपट्टी. एवढा पांढराशुभ्र उजेड पाहून तो घाबरतो आणि शटर झटकन मिटतो. बर्फ राखाडी होतो आणि त्याच्यापुढे उभी असलेली माणसं आणखी काळवंडतात. जेवणं उरकल्यावर बेसमेंटमध्ये प्रोजेक्टर लागला. तीन-चार स्लाइड्स मुकाट्याने पाहून काकूंनी विचारलं, “अहो, आपण नायगऱ्याला गेलो होतो की कोळशाच्या वखारीत?”

पाहुण्यांत एक इंजिनियर होतेच. (न्यू जर्सीत मराठी पाहुणे जमले आणि त्यांत इंजिनियर नाही, असं होत नाही.) दुसऱ्या दिवशी ते राखाडी कार्ड घेऊन हजर. लख्ख उन्हात अ‍ॅपर्चर एफ १६ वर ठेवलं की शटरचा वेग फिल्मच्या संवेदनशीलतेच्या, म्हणजे एएसएच्या आकड्याइतका, हा जुना ठोकताळा. कॅमेऱ्यात कोडाक्रोम ६४ ही स्लाइड फिल्म, म्हणजे सेकंदाचा साठावा भाग. कार्ड उन्हात धरलं, आणि मीटरचा काटा बरोबर ६० वर! इंजिनियरांनी निकाल दिला, “मीटर बरोबर आहे.”

“मग बर्फ चुकला का?” काकू.

खरं तर निगेटिव्ह फिल्म घातली असती तर एवढी फजिती झाली नसती. निगेटिव्ह एक-दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) जास्तीचा उजेड सहज पचवते, थोडा कमी पडला तरी निभावून नेते, आणि उरलीसुरली चूक लॅबमधलं प्रिंट काढणारं यंत्र झाकून टाकायचं. अर्थात तेही सरासरीचंच भक्त. शिवाय रंग जुळवायला लॅबवाल्यांसमोर असायचं कोडॅकचं ‘शर्ली कार्ड’, म्हणजे एका गोऱ्या बाईचा फोटो. तिच्या गालाचा रंग बरोबर आला की काम फत्ते. आमच्या गव्हाळ मंडळींचं काय झालं, हे विचारणार कोण? स्लाइडला मात्र भीड नाही. अर्ध्या स्टॉपची चूकसुद्धा ती चारचौघांत पडद्यावर मांडते.

काकांनी मग थेट अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्सला साक्षीला बोलावलं. १९४१ साली न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावावर चंद्र उगवला, तेव्हा म्हणे त्याला मीटरच सापडेना. चंद्र किती उजळ असतो हे त्याला पाठ होतं, त्यावरून हिशेब करून त्याने फोटो काढला आणि तो जगप्रसिद्ध झाला. “म्हणजे मीटर हरवला की फोटो चांगले येतात,” काकूंनी निष्कर्ष काढला, “तुमचा कुठे ठेवू?”

बर्फाच्या या घोळावर उपाय ईएममध्येच होता. एक बटण दाबलं की उजेड दोनेक स्टॉप वाढायचा. काकांच्या कॅमेऱ्यातही तसलं बटण निघालं, पण सोबतची पुस्तिका अजून प्लास्टिकच्या पिशवीत होती. ती काकूंनी वाचली. पुढच्या हिवाळ्यात काकांनी कॅमेरा डोळ्याला लावला की शेजारून हुकूम यायचा, “बर्फ आहे, बटण दाबा.” पदवीदानाच्या काळ्या गाऊनसमोर मीटर उलट उधळा होतो आणि चेहरे पिठासारखे पांढरे करतो, हेही त्यांनीच ओळखलं. अशा वेळी उजेड कमी करायला एएसएची तबकडी ६४ वरून १०० कडे सरकवायला लावणाऱ्याही त्याच.

स्लाइड्स झकास येऊ लागल्या. पाहुण्यांनी कौतुक केलं की काका गंभीरपणे सांगायचे, “मीटर आता रुळलाय.”