जवानाशी बोलावे कसे : नव्या लेफ्टनंटसाहेबांसाठी

खडकवासल्याला तीन वर्षं आणि डेहराडूनला एक, एवढं घासूनपुसून झाल्यावर खांद्यावर दोन तारे लागतात. मग मराठा पलटणीत हजर व्हावं, तर महिन्याभरात कंपनी कमांडर रजेवर जातात आणि कंपनी तुमच्या हाती येते. शंभरावर माणसं. त्यातल्या कित्येकांची लग्नं तुम्ही दहावीच्या क्लासला जात होतात तेव्हा उरकलेली. त्यांच्या संसाराची गाऱ्हाणी आता तुम्ही ऐकायची. घाबरू नये. पुढील पायऱ्या क्रमाने पाळाव्यात.

पायरी पहिली : टेबल. ते मोठं असावं. जवानाला त्यासमोर सावधान उभं करावं आणि मन मोकळं करण्याचा हुकूम द्यावा. आवाज दाराबाहेरच्या हवालदार मेजरला ऐकू जाईल इतका खणखणीत ठेवावा. उत्तर ठरलेलं आहे : "काही अडचण नाही साहेब!" ते वहीत लिहून पुढच्याला बोलवावं. या पद्धतीने चहाच्या सुट्टीपर्यंत अख्खी प्लाटून सुखी करता येते. सैनिक संमेलनात याचाच मोठा प्रयोग होतो. "कुणाचा काही पॉइंट?" असं विचारल्यावर एक हात वर येतो आणि कँटीनमध्ये अमुक साबण मिळत नाही एवढंच कळतं. यावरून सर्वांच्या घरी आनंदीआनंद आहे असं समजावं.

ही पद्धत काही चिकित्सक लेफ्टनंटांना पटत नाही. त्यांनी संध्याकाळी व्हॉलीबॉल झाल्यावर तिथेच बसून राहावं. बूट सोडता सोडता माणूस जे बोलतो ते टेबलासमोर बोलत नाही. किंवा रात्री दोनला पहाऱ्यावरच्या संतरीकडे जावं. अंधारात तारे दिसत नाहीत, त्यामुळे दोघांनाही बरं पडतं. मात्र त्या रात्रीचा पासवर्ड पाठ असावा, नाहीतर संवाद फार लवकर संपण्याची शक्यता आहे.

पायरी दुसरी : भाषा. मराठा पलटणीत चंदीगडचा किंवा कोट्टायमचा अधिकारीही मराठी शिकतो, कारण जवानाची भाषा यावी ही फौजेची रीतच आहे. खरी अडचण कोथरूडच्या इंग्रजी शाळेतून आलेल्या साहेबाची. त्याला वाटतं आपल्याला मराठी येतं. समोरचा पाटील (कंपनीत पाटील अनेक, कोणता ते आर्मी नंबरच्या शेवटच्या आकड्यांवरून ओळखावं) म्हणतो, "चुलत्यानं बांध कोरला साहेब." साहेब त्याला खोल श्वास घ्यायला आणि सकारात्मक विचार करायला सांगतात. पाटील "होय साहेब" म्हणून खोल श्वास घेतो. तिकडे चुलता नांगराचं आणखी एक तास मारून मोकळा होतो.

पाटलाला धीर नको, कागद हवा आहे. गट नंबर विचारा. सातबाऱ्यावर नाव अजून आजोबांचंच आहे का, वारसनोंद झाली का, मोजणीचा अर्ज दिला का, हे विचारा. मग कमांडिंग ऑफिसरांच्या सहीचं पत्र जिल्हाधिकाऱ्यांना जाईल असं बघा आणि त्याची एक प्रत जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला पाठवा. दावा कोर्टात गेला असेल आणि पाटील सीमेवर असेल, तर १९२५ चा एक कायदा आहे. खास परिस्थितीत तैनात असलेल्या सैनिकाच्या मागे दिवाणी वा महसुली दावा परस्पर निकाली निघू नये, तो पुढे ढकलता यावा, यासाठी तो केलेला आहे. जवानाला त्याची माहिती असेलच असं नाही. तुम्हाला असावी. डेहराडूनला चेटवुड हॉलमध्ये कोरलेलं वाचलं असेलच : आधी देश, मग तुमच्या हाताखालच्या माणसांचा मान, हित आणि आराम, सगळ्यात शेवटी तुम्ही. त्यात सल्ला देण्याविषयी एक अक्षर नाही.

पायरी तिसरी : नवरा-बायकोचं भांडण. तुम्ही अविवाहित असाल तर ही पायरी सीनियर जेसीओसाहेबांकडे सोपवावी. विवाहित असाल तरीही.

पायरी चौथी : रजा. जवानाला वर्षाला ६० दिवसांची वार्षिक आणि ३० दिवसांची नैमित्तिक रजा असते. ती एकदम सगळ्यांना गणपतीत हवी असते, आणि मराठा पलटणीत याला इलाज नाही. पूर्वी "आई सीरियस" अशी तार यायची. तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद पडली, आया मात्र अजून सीरियस होतात, फोनवरून. चौकशी केली तर आई बहुधा खुरपणीला गेलेली निघते. तेवढ्यावरून जवानाला खोटारडा ठरवून पिठ्ठूची शिक्षा लावू नये. खरं कारण साहेबाला सांगण्याजोगं वाटलं नाही, म्हणून त्याने आईला आजारी पाडलं. ते कारण त्याच्या बडीला, म्हणजे जोडीदार जवानाला, ठाऊक असतं. त्याला विचारा, पण चारचौघांत नाही.

पाचवी पायरी क्रमात बसत नाही. कधी एखादा जवान रजा मागायचंच सोडतो. लंगरमध्ये ताट तसंच ठेवतो, घरचा फोन आला की कापतो, मोबाइलवरच्या रमीत किती गेले ते कुणाला सांगत नाही. त्याचं "काही अडचण नाही साहेब" वहीत लिहू नका. त्याच दिवशी त्याची हत्याराची ड्यूटी बदला. गाजावाजा नको, शिक्षा वाटेल असंही काही नको. बडीला त्याच्यासोबत ठेवा आणि पलटणीच्या डॉक्टरांकडे तुम्ही स्वतः घेऊन जा. हवालदाराबरोबर पाठवू नका. पंडितजी बोलतील, सुभेदारसाहेब बोलतील, पण डॉक्टरांकडे जाणं त्यांच्या बोलण्यावर सोडू नये. इथे उशीर झाला तर पुढे चौकशीत तुमची वही फार सुवाच्य दिसते.

एक सूचना राहिली. एखाद्या संध्याकाळी सुभेदार मेजरसाहेब विचारतील, "चहा घेणार का साहेब?" मग इकडचं तिकडचं झाल्यावर ते मागे या पलटणीत असलेल्या एका तरुण साहेबाची गोष्ट सांगतील. स्वभावाने चांगला, पण टेबलामागून हलायचा नाही असा. त्या साहेबाचं नाव काय होतं हे विचारू नये. चहा संपवावा आणि व्हॉलीबॉलच्या मैदानाकडे जावं.