वाऱ्याचं पुण्य

रिकाम्या खोलीत पंखा फिरताना दिसला की आमच्या आधीच्या पिढीतल्या वडीलधाऱ्यांचा पारा चढायचा. ‘भिंतींना उकडतंय का?’ असं ते विचारायचे. पर्यावरण हा शब्द त्यांच्या तोंडी कधी नसे, पण विज्ञान त्यांच्याच बाजूचं होतं. पंखा खोली गार करत नाही, अंगावरचा घाम वाळवून माणसाला गार करतो. माणूस उठून गेला की खोलीत भर पडते ती फक्त मोटारच्या उष्णतेची.

आता पंखा घ्यायला जावं तर आधी तारे बघायचे. जानेवारी 2023 पासून छताच्या पंख्यांवर तारांकित लेबल सक्तीचं झालंय. पत्रिकेतल्या ग्रहताऱ्यांपेक्षा हे बरे, कारण यांना निदान हिशेब आहे. सक्ती आली तेव्हाच्या नियमानुसार 1200 मिलिमीटरच्या पंख्यानं एका वॅटमागे मिनिटाला सहा घनमीटर हवा दिली तर पाच तारे. दुकानदार मात्र पात्यांचा रंग आणि मधलं सोनेरी फूलच दाखवत बसतो. फुलानं वारा येत नाही, हे त्यालाही माहीत असतं.

सध्या बीएलडीसी, म्हणजे ब्रशलेस डीसी मोटारच्या पंख्यांची चलती आहे. जुना पंखा 75 वॅट खातो, तर हा तिशीच्या आसपास. रोज 12 तास चालला तर दिवसाला अर्धा युनिट वाचतो. थंडीचे दोन-तीन महिने सोडले तरी वर्षाला दीडशे युनिट सहज. आपल्याकडच्या विजेचा मोठा भाग अजून कोळशातून येतो. चंद्रपूरला तर उन्हाळ्यात पारा 45 च्या पुढे जातो आणि औष्णिक वीजही तिथेच तयार होते, म्हणजे उकाडाही चंद्रपूरकरांचाच आणि आपल्या वाऱ्याचा धूरही त्यांच्याच वाट्याला.

या पंख्याबरोबर रिमोट येतो आणि घरातली सत्ता बदलते. भिंतीवरचा रेग्युलेटर सार्वजनिक होता. आजी उठून दोनवर करायच्या, नातू उठून पाचवर. आता रिमोट ज्याच्या उशीखाली, हवामान त्याच्या ताब्यात. जुना रेग्युलेटर मात्र इलेक्ट्रिशियनकडून काढूनच टाकावा, या पंख्याशी त्याचं जमत नाही.

जुन्या पंख्याचं काय करायचं, हा खरा पेच. ‘चालू आहे, देऊन टाकू कुणाला तरी’ असं आपण म्हणतो. पण तो दुसऱ्याच्या छताला दिवसरात्र फिरला तर कोळसा तेवढाच जळणार, फक्त बिल त्याच्या नावावर. दान आपलं आणि भुर्दंड घेणाऱ्याचा! दुसरीकडे, त्या जुन्या धुडाचं कौतुकही वाटतं. वाइंडिंग जळलं तर कोपऱ्यावरचा कारागीर तांब्याची तार गुंडाळून देतो, कंडेन्सर गेला तर तो किरकोळ पैशात बदलून मिळतो. नव्या पंख्याचं सर्किट बोर्ड गेलं की तोच कारागीर हात वर करतो. म्हणून घेताना ताऱ्यांइतकीच वॉरंटीही वाचावी, आणि सुटे भाग मिळतात का हे दुकानातच विचारावं.

आणि घरातले सगळे पंखे एका दमात काढायची घाई नको. ज्याच्याखाली रात्र काढता, तो आधी बदला. तिथला जुना चांगला असेल तर पाहुण्यांच्या खोलीत लावा. तिथे तो गणपतीत चार दिवस फिरेल, आणि हल्ली पाहुणे तसेही एसी आहे का, एवढंच विचारतात.