भावोजींचं रजिस्टर

आमचे भावोजी गाणं ऐकायला बसले की पहिल्यांदा पंखा बंद होतो. मग खिडक्या. मग स्वयंपाकघराकडे आवाज जातो, ‘‘अगं, फोडणी जरा थांबव!’’ ताई फोडणी थांबवत नाही, हा भाग वेगळा. डोंबिवलीत, भर मे महिन्यात, रेल्वेलायनीपासून दोन गल्ल्यांवर राहून ज्याला ओपन बॅक हेडफोन बाळगायचा आहे, त्याला एवढं तरी करावंच लागतं. ओपन बॅकच्या वाट्यांना पाठीमागून जाळी असते. आवाज आत कोंडत नाही, मोकळा वाटतो. शेजारच्या खोलीत अभ्यासाला बसलेल्या माझ्या भाच्यालाही तो मोकळाच मिळतो. शिवाय जाळीतून आवाज जसा बाहेर जातो, तसा आतही येतो. किशोरीताईंचा भूप रंगात आलेला असतो आणि कल्याणची फास्ट लोकल न विचारता साथीला बसते.

बंद वाट्यांचा हेडफोनही घेऊन झाला. त्यात लोकल शिरत नाही, पंखा लावला तरी चालतो. पण पंख्याचा वारा कानापर्यंत पोचत नाही. अर्ध्या तासात दोन्ही कान घामाने चिंब होतात, आणि भावोजी हेडफोन काढून, कान पंख्याकडे करून बसतात. एका वेळी एकच कान वाळतो, ही त्यांची निसर्गाबद्दलची तक्रार आहे.

भावोजी एका सहकारी बँकेत अधिकारी आहेत. तिथे त्यांच्याकडे तक्रार निवारणाचं काम आहे. दिवसभर लोकांच्या तक्रारी ऐकून घ्यायच्या, त्यांना आवक क्रमांक द्यायचा आणि ‘योग्य ती कार्यवाही करण्यात येईल’ असं कळवायचं. एवढ्या वर्षांत त्यांची स्वतःची तक्रार कुणी ऐकून घेतली असेल असं वाटत नाही. ती सगळी घरी येऊन हेडफोनवर निघते. त्यासाठी बँकेतलंच एक जुनं रजिस्टर त्यांनी आणून ठेवलं आहे. प्रत्येक हेडफोनला एक पान, आणि पानावर लाल शाईने आखलेले रकाने : आराम, बांधणी, ध्वनी, शेरा. ‘शेरा’ या रकान्यात बहुधा ‘विकावा’ असं लिहिलेलं असतं.

‘आराम’ हा रकाना सगळ्यात गच्च भरलेला. हेडफोन नवा असला की त्याचा पट्टा डोक्याला चिमटा घेतो. कानशिलं ठणकतात, जबडा आवळतो. यावर जगभरच्या शौकिनांचा उपाय एकच : रात्रभर तो कशावर तरी ताणून ठेवायचा. कुणी पुस्तकांच्या चळतीवर ठेवतो, कुणी खोक्यावर. भावोजींनी घरभर टेप घेऊन मापं काढली. त्यांच्या डोक्याच्या रुंदीच्या सगळ्यात जवळची वस्तू निघाली प्रेशर कुकर. सकाळी ताई डाळ लावायला गेली तर ओट्यावर कुकर हेडफोन लावून बसलेला.

‘‘काय ऐकतोय हा?’’

‘‘हात लावू नकोस, अजून चार तास व्हायचेत.’’

पण पट्टा सैल झाला की दुसरं दुखणं. वाटीची गादी कानाभोवती नीट बसत नाही, फट राहते, आणि फटीतून पहिला पळतो तो बेस. ढोल असला तरी पत्र्याच्या डब्यावर आला. चष्म्याची दांडीसुद्धा एवढं करायला पुरते. म्हणून भावोजी चष्मा काढून ऐकतात. चष्मा काढल्यावर मोबाइलवरची नावं दिसत नाहीत. मग ‘मल्लिकार्जुन मन्सूर लाव रे’ अशी हाक भाच्याला जाते. तोही अभ्यासातून उठायची वाटच पाहत असतो.

एकदा प्लॅनर जातीचा हेडफोन आला. साध्या हेडफोनमध्ये पडद्याच्या मागे छोटंसं कॉइल असतं. प्लॅनरमध्ये पातळ ताणलेल्या पडद्यावरच तारेची नक्षी असते, आणि तो लोहचुंबकांच्या पट्ट्यांसमोर धरलेला असतो. पडदा हलका, पण लोहचुंबकांचं ओझं ऐकणाऱ्याच्या डोक्यावर. ताईने तो केकच्या काट्यावर ठेवला. पाचशे ऐंशी ग्रॅम. ‘‘अर्धा किलोच्या वर वांगी डोक्यावर घेऊन बसण्यासारखंच आहे हे,’’ ती म्हणाली. भावोजींनी तिकडे दुर्लक्ष केलं. टाळूवर केसांत घडी पडायला लागली, तेही चालवून घेतलं. शेवटी मान धरली. हाडांच्या डॉक्टरांनी विचारलं, ‘‘काही जड उचलण्याचं काम करता का?’’

‘‘नाही. गाणं ऐकतो.’’

डॉक्टरांनी केसपेपरवर काय लिहिलं ते भावोजींना वाचता आलं नाही.

‘बांधणी’च्या रकान्यात कायमचं नाव पावसाळ्याचं आहे. गाद्यांवरचं चामडं बहुतेक वेळा चामडं नसतंच, पॉलियुरेथेन असतं. दमट हवेत ते हळूहळू कुजतं आणि त्याचे पापुद्रे निघतात. ज्यांनी या गाद्या घडवल्या त्यांनी जुलैतली डोंबिवली पाहिलेली नसावी. माझ्या पुतणीच्या साखरपुड्याला भावोजी थेट ‘श्रवणातून’ उठून आले होते. दोन्ही गालांवर, कानांभोवती काळे कपटे. मुलाकडच्या एका आजींनी त्यांना मायेने बाजूला घेऊन सांगितलं, ‘‘कलप बदला हो, निघतोय.’’

केबल हा तर वेगळाच अध्याय. काढता येणारी असली तर खाचेत सैल होते आणि डावा कान मधूनमधून रजेवर जातो. न काढता येणारी असली तर ती तुटल्यावर सगळा हेडफोनच डागणीच्या टेबलावर. लॅमिंग्टन रोडच्या एका गाळ्यातला कारागीर भावोजींना लांबून पाहूनच डागणी तापत ठेवतो.

तक्रारीला इतिहासाचा आधार द्यायचा हा त्यांचा बँकेतला शिरस्ता. ‘‘१९१० साली नथॅनियल बाल्डविन नावाच्या माणसाने यूटामध्ये हेडफोन केले आणि अमेरिकेच्या नौदलाला विकले,’’ ते सांगतात. ‘‘स्वयंपाकघरात बसून बनवायचा, बरं का!’’ भावोजींना यात प्रतिभेचा विजय दिसतो. ताईला बाल्डविनच्या बायकोचा कळवळा येतो. मग १९५८ : मिल्वॉकीच्या जॉन कॉसने एक छोटा फोनोग्राफ काढला आणि तो एकट्याने ऐकता यावा म्हणून जोडीला स्टिरिओ हेडफोन दिला. फोनोग्राफ लोक विसरले, हेडफोन गाजला. मग १९६८ : सेनहायझरचा एचडी ४१४, पिवळ्या स्पंजचा, उघड्या पाठीचा. त्याचे कोटीच्या वर नग खपले. ‘‘पंखा बंद करायला लावणारा मूळ पुरुष तो,’’ असं ताईने एकदा ऐकलं, तेव्हापासून घरात सेनहायझर हे नाव ती फार जपून उच्चारते.

अलीकडे त्यांच्या मनात स्टॅक्स भरला आहे. हा जपानी. यात लोहचुंबकच नाही. विजेच्या दाबावर तरंगणारा पडदा. दाब किती? ५८० व्होल्ट. हा आकडा त्यांनी जेवताना सांगायला नको होता.

‘‘भिंतीतल्या प्लगला २३० असतात ना?’’ ताईने विचारलं.

‘‘अगं, करंट नगण्य असतो. काही होत नाही.’’

‘‘नको. घरात लहान मूल आहे.’’

‘‘मूल? तो अकरावीत आहे!’’

‘‘मी त्याच्याबद्दल बोलत नाहीये.’’

आता ध्वनी. इथे मला कबूल करायला हवं की भावोजींचे कान खरोखर तयार आहेत. तंबोऱ्याची जवारी कुठे सुटली, तबल्याची शाई कोरडी वाजते का, हे ते अचूक सांगतात. पण हे सगळं कळायला त्यांना पहिली दीड मिनिटं पुरतात, आणि त्यानंतर ते ऐकत नाहीत. ईगल्सच्या १९९४ सालच्या अल्बममधलं ‘हॉटेल कॅलिफोर्निया’ अनेक जण हेडफोन पारखायला वापरतात, कारण सुरुवातीला टाळ्यांच्या गजरात ढोलाचे खोल ठोके आहेत. भावोजींनी ते ठोके हजारदा ऐकले असतील. त्या गाण्यात पुढे शब्दही आहेत, हे त्यांना कधी तरी कुणीतरी सांगायला हवं. हिंदुस्थानी संगीतात त्यांचं सगळ्यात लाडकं काय, तर एका मैफलीच्या ध्वनिमुद्रणातला खोकला. आलाप चालू असताना उजवीकडे, साधारण तिसऱ्या रांगेत, कुणीतरी खोकतं. स्वस्त हेडफोनमध्ये खोकला नुसता येतो. चांगल्यात तो कोरडा आहे की ओला, हे कळतं. ‘‘चाळीस हजार घालून ओला खोकला!’’ ताई म्हणाली. ‘‘तुमच्या आईंचा इथे फुकट ऐकू येतो.’’

‘स’ हा त्यांचा शत्रू. सहा-सात हजार हर्ट्झच्या पट्ट्यात हेडफोनने जरा जास्त जोर लावला की गाण्यातला प्रत्येक ‘स’ कानात टोचतो. आमच्याकडे तर सरगमच ‘सा’ने सुरू होते, त्यामुळे तानेतान जखमा. पण जोर कमी असला तरी पंचाईत : मग ‘वरची हवा’ मिळत नाही. वरची हवा म्हणजे बारा हजारांच्या पुढचा प्रदेश. तिथे स्वर नसतात, नुसती झुळूक असते. जवळजवळ प्रत्येक पानावर भावोजींनी लिहिलं आहे, ‘हवा नाही’.

परवा भाच्याने मोबाइलवर एक खेळ आणला. एकच सूर, हळूहळू वर चढत जाणारा. आम्ही तिघांनी आळीपाळीने भावोजींचा लाडका हेडफोन लावायचा आणि सूर संपला की हात वर करायचा. भाच्याने हात सतरा हजारांना वर केला. मी तेराला. भावोजींचा हात अकरा हजारांच्या किंचित आधीच वर गेला. पन्नाशीच्या पुढे कानांचं असं होतंच, वरचे सूर आधी निरोप घेतात. त्यात कमीपणा काही नाही. खोलीत थोडी शांतता पसरली. भाचा काही बोलणार, तेवढ्यात मी त्याला चिमटा काढला. भावोजींनी सावकाश हेडफोन उतरवला, रजिस्टर उघडलं आणि ‘ध्वनी’च्या रकान्यात लिहिलं : ‘अकरा हजारांनंतर ट्रेबल कोसळतो. शंका होतीच.’

मात्र गेल्या दिवाळीत एक विपरीत घडलं. कुणाकडून तरी एक वापरलेला हेडफोन आला. पट्टा आधीच्या मालकाच्या डोक्याने सैलावलेला, गाद्या मखमली आणि नव्याकोऱ्या, वजन पाव किलोच्या आसपास. भावोजींनी तो चढवला. आम्ही वाट बघत बसलो. गाणं सुरू झालं आणि, सांगायचं म्हणजे, संपलं. मग दुसरं लागलं. पाऊण तासाने त्यांनी हेडफोन काढला तेव्हा डोळे ओले होते.

‘‘कसा आहे?’’ मी विचारलं.

‘‘बरा आहे,’’ ते म्हणाले, आणि ताई हातातलं काम टाकून बाहेर आली.

त्यानंतर भावोजींचं चित्त थाऱ्यावर राहिना. रजिस्टर उघडायचे, वर हेडफोनचं नाव, खाली चार कोरे रकाने, पुन्हा मिटायचे. संध्याकाळी फिरायला जाऊ लागले. एकदा तर स्वतःहून भाजी निवडायला बसले. ‘‘त्यात काही नाहीच रे,’’ ते मला हताशपणे म्हणाले. ‘‘लावला की नुसतं गाणं ऐकू येतं.’’ अखेर त्यांनी तो सांगलीच्या एका गृहस्थांना विकून टाकला. घेतला त्यापेक्षा कमी पैशात.

आठवडाभराने आम्ही जेवायला बसलो असताना सांगलीहून फोन आला. भावोजी आधी नुसते ‘हं, हं’ करत होते. मग त्यांची पाठ ताठ झाली.

‘‘डावीकडे? पाळीच्या वर की मागे? बरं... आणि ‘स’? टोचतो? मला वाटलंच होतं! थांबा, थांबा, लिहून घेतो.’’

ते डावा हात पुसत उठले आणि रजिस्टर आणायला धावले. खुर्ची सरकली, उजवा हात आमटीचा तसाच.

‘‘झाकून ठेवते,’’ ताई म्हणाली. ‘‘त्यांना आवक क्रमांक देऊन झाला की या.’’