आमच्याकडे चालतं

उपवासाला काय चालतं या प्रश्नावरून महाराष्ट्रात आजवर दंगल झालेली नाही, याचं कारण एकच असावं. त्या दिवशी सगळ्यांची पोटं टम्म भरलेली असतात. भरल्या पोटी माणूस भांडत नाही. फार तर ‘आमच्याकडे नाही हो चालत’ एवढं म्हणतो आणि वामकुक्षीला जातो.

माझं माहेर साताऱ्याचं, सासर रत्नागिरीचं. मध्ये सह्याद्री आहे आणि उपवासाच्या बाबतीत तो उगाच उभा नाही. माहेरी एकादशीला भगर आणि शेंगदाण्याची झणझणीत आमटी. सासरी त्याच भगरीला वरी म्हणतात आणि आमटीत ओलं खोबरं नि आमसूल पडतं. माहेरी भेंडीला उपवासाच्या पातेल्याजवळही येऊ देत नाहीत. सासरी तिची चिंचगुळाशिवायची भाजी चालते, पण खिचडीवर कोथिंबीर भुरभुरली तर घर बाटतं. लग्नानंतरच्या पहिल्याच आषाढीला मी सासूबाईंना विचारलं, “कोथिंबीर का नाही चालत?” त्या म्हणाल्या, “अगं, कोथिंबीर कशी चालेल?” या उत्तरातला युक्तिवाद मी अजून शोधते आहे.

बरं, धान्य वर्ज्य म्हणावं, तर ही वरी काय आहे? गवताच्या कुळातलं चोख तृणधान्य. आपण तिला बिनदिक्कत ‘वऱ्याचे तांदूळ’ म्हणतो, नाशिक जिल्ह्यातल्या गिरण्यांमधून ती सडून, पॉलिश होऊन येते, तिचा भातच करतो, त्यावर आमटी ओततो आणि वर सांगतो, आज भात खायचा नाही. देवाला वनस्पतिशास्त्र येत नाही, यावर आपला गाढ विश्वास असावा.

पण सातारा-रत्नागिरी हा घरगुती मामला झाला. खरी गंमत ठाण्याला या सोसायटीत राहायला आल्यावर सुरू झाली. इथे जिन्यागणिक शास्त्र बदलतं.

समोरच्या फ्लॅटमध्ये लखनौच्या भाभी. नवरात्रात त्यांच्याकडे कुट्टूच्या, म्हणजे बकव्हीटच्या पुऱ्या आणि बटाट्याची रस्साभाजी असते, आणि त्या भाजीत टोमॅटो! भरपूर, लालभडक. शिवाय पनीर. मी खिचडीची वाटी घेऊन गेले, तर त्यांनी आधी विचारलं, “नमक कौन सा है?” मीठ म्हणजे मीठ, अशी माझी समजूत. भाभींच्या व्रताला समुद्राचं मीठ चालत नाही, सैंधवच लागतं. त्यामुळे अरबी समुद्राच्या काठावर जन्म काढलेल्या माझ्या सासरचं सगळं उपवासाचं पुण्य एका प्रश्नात बाद झालं. सैंधव पिढ्यान्‌पिढ्या जिथून येत होतं, ती खेवड्याची खाण झेलम जिल्ह्यात आहे, म्हणजे पाकिस्तानात. पण तेव्हा मिठाला पासपोर्ट कोण विचारत होतं! भाभींनी वाटी परत देताना तीत पनीरची भाजी घालून दिली. टोमॅटो वेचून काढायला मला जरा वेळ लागला.

दुसऱ्या मजल्यावर तमिळ मामी आहेत. अमावास्येला मामा तर्पण करतात आणि त्या दिवशी घरात एकभुक्त असतं. म्हणजे दुपारी एकदाच भात, रात्री भात नाही. रात्री काय? इडली. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, मामी थट्टा करताहेत. इडलीत तांदूळ असतो हे मी त्यांना सांगायची काय गरज! पण त्यांचा मुद्दा पक्का होता. भात म्हणजे जेवण. तांदूळ भिजवला, वाटला, आंबवला, उकडला की तो ‘टिफिन’ होतो, आणि टिफिन हे जेवण नव्हे. एकादशीला तर उपमा असतोच. गव्हाच्या रव्याचा, मोहरी-उडदाच्या डाळीच्या फोडणीचा. आमच्या सासूबाईंच्या दंडविधानात त्या एका बशीवर किमान तीन कलमं लागली असती.

याच मामी सेलमच्या. साबुदाण्याला त्या जव्वरिशी म्हणतात, पायसात घालतात, उन्हाळ्यात त्याचे वडाम वाळवतात आणि उपवासाशी त्याचा काही संबंध आहे हे ऐकून अजून हसतात. आता मराठी माणसानं इथे जरा सावरून बसावं. आपण ज्याच्या जिवावर चातुर्मास काढतो, तो बहुतेक साबुदाणा सेलमच्या पट्ट्यात तयार होतो. तिथल्या उत्पादकांची सहकारी संस्था 1981 सालची आहे आणि 2023 साली सेलमच्या साबुदाण्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. तो होतो टॅपिओकाच्या कंदापासून. कंद किसून, पाण्यात घोळवून पिठूळ सत्त्व काढायचं, त्याचे गोळे वळायचे, भाजायचे किंवा वाफवायचे आणि वाळवायचे. हाच कंद शेजारच्या केरळात कप्पा म्हणून उकडून खातात. कशाबरोबर? माशाच्या लालबुंद तिखट कालवणाबरोबर. एकोणिसाव्या शतकात त्रावणकोरच्या विशाखम तिरुनाळ महाराजांनी गरिबांच्या पोटाला आधार म्हणून त्याच्या लागवडीला उत्तेजन दिलं. तिकडे गरिबाचं रोजचं जेवण, इकडे विठ्ठलाच्या नावानं तुपात परतलेलं व्रत. ही माहिती मी सासूबाईंपर्यंत पोचू दिलेली नाही.

हा कंद मुळात दक्षिण अमेरिकेचा, पोर्तुगिजांबरोबर आलेला. बटाटाही तिकडचाच. शेंगदाणा, मिरची, रताळं, आपण पिकवतो तो बहुतेक राजगिरा, सगळी अमेरिका खंडांतली मंडळी. आपल्या उपवासाच्या ताटातून त्यांना उठवलं तर उरतं काय? शिंगाडा, वरी, दही आणि पश्चात्ताप. कोलंबसाच्या आधीच्या एकादशीला आपल्या पूर्वजांनी काय खाल्लं असेल या विचारानं मला गलबलून येतं. बहुधा ते खरंच उपाशी राहत असावेत.

शास्त्रकारांना बटाटा ठाऊक नव्हता, म्हणून त्यांनी निषेध केला नाही, म्हणून तो चालतो, अशी एक उपपत्ती आमचे हे जेवताना मांडतात. ऐकायला झकास आहे. पण मग टोमॅटोनं काय घोडं मारलं? मक्यानं? तेही त्याच बाजूनं आले. मिरचीला दार उघडं, टोमॅटोला बंद, हा न्याय कोणता? भाभींनी टोमॅटोला आत घेतलं, ते तर्काला धरूनच झालं म्हणायचं. (हे मी भाभींसमोर मान्य केलेलं नाही.)

आमच्या शेजारी जैन काकी राहतात. त्यांच्यासमोर मी ‘आज माझा उपवास’ असं म्हणत नाही. त्यांचा उपवास म्हणजे उकळलेलं पाणी, तेही सूर्य असेतोवर. पर्युषणात त्यांनी आठ-आठ दिवसांची अठ्ठाई केलेली मी पाहिली आहे. एरवी जेवतानाही त्यांना बटाटा, रताळं, सुरण, म्हणजे जमिनीखालचं कंदमूळ वर्ज्य. थोडक्यात, आम्ही ज्या दिवशी पुण्य जोडायला बसतो, त्या दिवशीचं आमचं ताट त्यांच्या लेखी वर्षातलं सगळ्यात पापी ताट असतं.

आणि चौथ्या मजल्यावर बंगाली जोडपं. आमचं नवरात्र कडक चाललेलं असताना लिफ्टमध्ये मटणाचा वास दरवळतो तो त्यांच्या नवमीचा. अष्टमीला पुष्पांजली होईपर्यंत तेही उपाशी असतात, मग लुची आणि नारळ घातलेली चण्याची डाळ खातात. लुची मैद्याची, पण भात नाही ना, मग झालं. दुसऱ्या दिवशी कोशा मांगशो. त्यातही कालीपूजेला बळीच्या बकऱ्याचं मटण कांदा-लसूण न घालता शिजवतात आणि त्याला निरामिष म्हणतात. निरामिष मटण! हे ऐकल्यापासून सासूबाई कोथिंबिरीबद्दल थोड्या मवाळ झाल्या आहेत.

भाषा, नकाशे, दैवतं बदलली तरी व्रतात तारतम्य म्हणून नाहीच. मिथिलेत जितियाच्या निर्जळ उपवासाच्या आदल्या दिवशी बायका मडुव्याची, म्हणजे नाचणीची भाकरी आणि मासे खातात. नेपाळात तीजेच्या आदल्या रात्री ‘दर’ नावाची मेजवानी झोडतात आणि मग पाण्याचा थेंब घेत नाहीत. श्रीलंकेत पौर्णिमेला शील पाळणारे बौद्ध दुपारनंतर काही खात नाहीत, दुपारपर्यंत काय खाल्लं याला महत्त्व नाही. रमजानचा रोजा सोडायला खजूर सगळीकडे, पण त्यापुढे तमिळनाडूच्या मशिदीत तांदळाची नोन्बु कंजी वाटतात, हैदराबादेत हलीमच्या भट्ट्या धगधगतात आणि ढाक्यात मुरमुऱ्यांत चणे, कांदाभजी कालवून खातात.

मला यातून एवढंच दिसतं की, जो तो आपलं रोजचं मुख्य अन्न तेवढं सोडतो आणि दिवसभर त्याचा जुळा भाऊ शोधत फिरतो. तमिळ माणूस भात सोडून इडलीकडे जातो. भाभी गहू सोडतात, पण पुरी सुटत नाही. आपण भात-पोळी सोडून वऱ्याचा भात, उपवासाचं थालीपीठ, उपवासाचा डोसा आणि आता पुण्यात उपवासाची मिसळसुद्धा खातो. मिसळीला काय होतं म्हणून तिचा उपवास करायचा, हे मला कुणी समजावून द्यावं. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट. वर तूप, दाण्याचं कूट, बटाटा. डॉक्टर मधुमेहाच्या माणसाला एकादशी नको म्हणतात, ते धर्माविरुद्ध बोलत नाहीत, खिचडीविरुद्ध बोलतात.

गेल्या महाशिवरात्रीला सोसायटीनं सगळ्यांसाठी प्रसाद करायचं ठरवलं आणि अट घातली, सगळ्यांना चालला पाहिजे. खिचडी मिठावर आणि कंदावर अडली. कुट्टूचा शिरा मामींना पटेना. राजगिऱ्याच्या लाडवावर कुणाचा आक्षेप नव्हता, पण बंगाली दादा म्हणाले, “ये खाना है?” शेवटी केळं निघालं. त्याला सातारा, रत्नागिरी, लखनौ, सेलम, कोलकाता, सगळ्यांची संमती. महाशिवरात्र म्हणजे चतुर्दशी. त्या तिथीला जैन काकींकडे हिरवं वर्ज्य, पण पिकलं केळं चालतं. सर्वानुमते ठराव पास झाला, टाळ्या वाजल्या आणि तेवढ्यात कुणीतरी विचारलं, कुठली केळी?

मामी म्हणाल्या, प्रसादाला डोंगरातली मलैवाळैच हवी. दादांनी पूजेची काठाली सुचवली. आमच्या ह्यांना वसईची वेलची आठवली. भाभींना फक्त साल काळ्या ठिपक्यांची हवी होती. सभा रात्री अकरापर्यंत चालली. यंदाही तीच चर्चा होणार हे उघड आहे, म्हणून निकाल आत्ताच सांगून ठेवते. केळी जळगावची येतील. समितीची अध्यक्ष मी आहे.